न्हाणीची वाट

६ जानेवारी २०२५

पूजा,

मोरीचा नळ आता गळत नाही. काल मी तो उघडून वॉशर बदलला. मोबाईलवर एका मुलाचा व्हिडिओ बघून केलं. तो म्हणाला, आधी टाकीची चावी बंद करा. मी केली, पण गच्चीवर चाव्या दोन आहेत आणि मी भलतीच बंद केली. पाना फिरवला तशी धार थेट तोंडावर. शेजारच्या साळूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. "ह्या वयात रंगपंचमी, तीबी एकट्यानं!" म्हणाल्या. आधी पोटभर हसल्या, मग टॉवेल आणून दिला.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलतेस, म्हणून हे पत्र. भाऊसोंची बस विट्याहून सेलमला जाते. गावातल्या बायका तिच्यातून आपापल्या माणसांच्या सोनं गाळायच्या, गलाईच्या दुकानांवर ज्वारीचं पीठ आणि लोणची पाठवतात, त्यातच हेही जाईल. भाऊसो म्हणाले, "वैनी, मोबाईलवर फुकटात जातंय की." मी म्हटलं, ते ती बघते आणि ठेवून देते. "मग कागद ठेवून द्यायची न्हाई कशावरनं?" तरी लिहिते आहे.

बिरदेवभावजींचा सेलमहून फोन आला होता. पाडव्याच्या आत तुमच्या अर्ध्या भागाचं काय ते ठरवायचं आहे. शिवांजलीची परीक्षा झाली की तुम्ही दोघी परत येणार, नाहीतर तो भाग भाड्याने द्यायचा. बँकेतले कोणी साहेब घर शोधत आहेत म्हणे. "पूजा म्हनंल तसं," असं म्हणाले. म्हणजे सगळं तुझ्यावर आहे. मी ठरवलं आहे की तोपर्यंत या घरात तुला जे जे खुपायचं ते एकेक करून नीट करायचं. गवंडी, प्लंबर कोणी लावायचा नाही. स्वतः का, हे मलाही नीट सांगता येत नाही. दुसऱ्याने केलं तर ते फक्त घराचं काम होईल, असं काहीतरी वाटतं.

दिवाळीनंतर तू लेकीला घेऊन भावजींकडे निघालीस तो क्षण मी अनेकदा लिहून पाहिला. रोजनिशीत लिहिलं की गोष्ट जरा सरळ दिसते, अशी माझी समजूत आहे. गाडी फाटकातून निघत होती. मी ड्रायव्हरला म्हटलं, "सांभाळून, दार खांबाला घासेल." तू काच खाली केलीस आणि म्हणालीस, "आक्का, तुमाला घर पायजे, मानसं नगंत." मग काच वर गेली.

खांबाचा रंग ओला होता, पूजा. हे मी बचाव म्हणून सांगत नाही. पण तो ओला होता.

तुझी,
क्रांतीआक्का


२० जानेवारी

पूजा,

धुण्याचा दगड उचलून घेतला. तू उंच. वाकून वाकून तुझी कंबर धरायची आणि तू सासूबाईंना ऐकू जाईल असं म्हणायचीस, "ह्यो दगड बुटक्यांच्या घराण्यातला हाय." सासूबाई गेल्या, तरी दगड तिथंच राहिला.

खाली विटांचे थर दिले. पातळी बघायला गवंडी जशी पाण्याची पारदर्शक नळी वापरतात तशी आणली. दोन्ही टोकांना पाणी सारखं दिसलं की पातळी बरोबर. पण एक टोक धरायला माणूस लागतो. मी ते खुर्चीला बांधलं. खुर्ची हलली, पाणी हललं, आणि दगड थोडा डावीकडे कलला आहे. पाणी मोरीकडे जाण्याऐवजी कण्हेरीकडे जातं. कण्हेरीला बरंच आहे म्हणायचं.

पहारीने दगड उचलताना अंगठ्याला जरा लागलं, म्हणून अक्षर असं आलं आहे. काळजीचं काही नाही.

आता दगड बरोबर तुझ्या उंचीचा झाला आहे. मला धुताना पाट घेऊन त्यावर उभं राहावं लागतं. साळूबाईंनी विचारलं, "सोताला पुरंना असा दगड कशाला केलास गं?" मी म्हटलं, पूजा येणार आहे. त्यांनी माझा पाट दगडाला नीट टेकवून ठेवला आणि घरी गेल्या. एरवी तासभर तरी बसतात, हे तुला माहीत आहे.

संक्रांतीला हळदीकुंकू केलं. बायका आल्या, वाण घेतलं. दारात तुझ्या नावाचंही वाण वाटलं, कारण सगळ्यांना सवय आहे की या घरातून दोन वाणं मिळतात. एकीने विचारलं, "धाकटी कवा यायची?" मी पाडव्याला म्हणाले. हे मी कोणाच्या अधिकारात म्हणाले, हा प्रश्न त्या गेल्यावर पडला. तू अजून काहीच कळवलेलं नाहीस. रिकाम्या खोलीत साखरफुटाणे गोळा करत बसले आणि लक्षात आलं, की इतक्या वर्षांत हळदीकुंकवानंतरचं झाडणं मी कधी केलेलंच नव्हतं. ते तू करायचीस, आणि करताना आलेल्या प्रत्येकीची नक्कल करायचीस.

राजवर्धनचा पुण्याहून फोन आला होता. आई, परीक्षा आहे, म्हणाला आणि लगेच ठेवला. यांचा गुंटूरहून रविवारी येतो तसा आला. सोन्याचा भाव, पाऊसपाणी, बरं. आपले दोघींचे नवरे वर्षातून एकदा यात्रेला येणार, आठवडाभर राहणार, आणि गावभर सांगणार की आमचं घर एकत्र आहे. या घरात संसार केला तो आपण दोघी जावांनी. हे मी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. कागदावर बरं जमतं.

क्रांतीआक्का


९ फेब्रुवारी

पूजा,

आज मी फार खूश आहे, म्हणून आधी तेच सांगते. न्हाणीची वाट झाली!

मागच्या दारापासून न्हाणीपर्यंतचा तो खड्ड्याखड्ड्यांचा भाग तुला किती छळायचा. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात मोरीचं पाणी साचून शेवाळ. शिवांजली तिथं दोनदा घसरली. आपण ठरवायचो की यात्रेला घरधनी आले की सांगू. ते आले की चहा, पाहुणे, कुस्त्या, आणि मग बस. वाट तशीच.

मी आधी शेवाळ खरवडलं. मग दोन्ही बाजूंना दोरी बांधून रेघ धरली. खड्डे बुजवून वाट वीतभर उचलायला हवी होती, नाहीतर पाणी पुन्हा साचलं असतं. भरावाला मुरूम आणायचा तर ट्रॅक्टर फाटकातून आत येत नाही. तेवढ्यात जिन्याखालची पोती आठवली. बांधकामातली उरलेली माती असणार, उगाच जागा अडवून बसली होती. बारीक, काळपट, चांगली दबणारी माती. एकेक पोतं ओढत नेलं, पसरलं, पाणी मारून धुम्मसाने ठोकलं. वरती जुन्या गोठ्यातल्या शहाबादी फरश्या बसवल्या आणि सांधे सिमेंटने भरले. धुम्मसाचा आवाज गल्लीत गेला तर कोणी विचारायला आलं, "वैनी, काय कुटतायसा?" माझ्याशी बोलायला माणूस आलं म्हणून मी जरा जास्तच वेळ कुटलं.

मधल्या एका फरशीचा कोपरा उडालेला आहे. तिथं मी ओल्या सिमेंटमध्ये काही खुणा करणार होते. पण पाऊल उमटवायचं तर कोणाचं? माझं एकटीचं उमटवणं कसंतरीच वाटलं. सपाट करून टाकलं.

काल त्या वाटेवरून अनवाणी न्हाणीत गेले आणि आले. काम काही नव्हतं, नुसती गेले.

भाऊसो निघाले आहेत, हॉर्न वाजवतात. पत्र पाठवते.

क्रांतीआक्का


१३ फेब्रुवारी

पूजा,

आधीचं पत्र तुला मिळालं असेल तर तुला कळलंच असेल. मिळालं नसेल तर भाऊसोंकडे मागू नकोस. मी त्यांना फोन केला होता. ते म्हणाले, "पिशवीत घालून दिलं की. आता माघारी कसं आनू?"

झालं असं. काल साळूबाई ताक मागायला आल्या. नव्या वाटेवरून ऐटीत चालल्या, कौतुक केलं. रिकामी पोती मी धुऊन तारेवर वाळत घातली होती. त्यांवरची तमिळ अक्षरं बघून त्या थबकल्या.

"ही पोती कुटनं काढलीस?"

"जिन्याखालून. नुसती माती होती."

"नुसती?" त्यांनी एका पोत्याचं तोंड हातात धरलं, शिवण उलटी केली, नखाने खरवडलं. "आगं बया! ही बिरदेवच्या दुकानाची जिमीन हाय. दुकान दुसऱ्या पेठंत नेलं तवा जुन्या दुकानाची जिमीन खरवडून आनली त्यानं. भट्टीपाशी सोनं सांडतंय, उडतंय, मातीत बसतंय. झारेकरी बोलवायचा, माती धुवायची, सोनं काडायचं. पूजानं सोता हुबं राहून ठिवून घेतलीत. तू कुटं हुतीस तवा?"

"साताऱ्याला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं."

"आन् माती कुटं हाय आता?"

मी त्यांच्या पायाखाली बघितलं. त्यांनीही बघितलं. मग त्यांनी एक पाय उचलला, जणू चटका बसला.

"तू बीए का काय झालीस न्हवं?"

"झाले."

"कशात गं?"

"अर्थशास्त्रात."

त्या तिथंच वाटेवर बसल्या. हसताना त्यांना खोकला लागला, मला पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन म्हणाल्या, "आमच्या गावात पोरगं रांगायला लागलं की त्याला ठावं असतंय, गलाईवाल्याच्या घरची माती टाकायची नसतीय. आन् तू त्यावर फरशी बसीवली!" निघताना त्यांनी चपला काढल्या आणि इथंच, आपल्या दोघींच्या परसात झटकल्या. "न्हाई, उगं तुजं सोनं माज्या घरात नको."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बायका काहीही मागायला येतात आणि मागच्या दारानेच येतात. कोथिंबीर मागतात, बघतात वाट.

मला हसू आलं, ते मी हसले. आता गंभीरपणे विचार करते आहे. मला माहीत होतं का? नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकते. पण इतकी वर्षं या घरात राहून ते माहीत नसणं, याला काय म्हणायचं? पोत्यांवर परकी अक्षरं होती, आणि मी ती नक्षी असल्यासारखी बघितली. ही कुठून आली, कोणी ठेवली, कशासाठी, एवढंही विचारलं नाही. विचारायला तू इथं नव्हतीस, हेही कारण आहे. पण तू होतीस तेव्हाही मी विचारलं असतं का?

भावजींना सांगायचं धाडस नाही. तूच सांग, किंवा नको सांगूस. मला काय करू ते कळव.

क्रांतीआक्का


२१ फेब्रुवारी

पूजा,

परवा तुझा फोन आला. तू आपण होऊन केलेला, दिवाळीनंतरचा पहिला. बोलणं झालं, तरी मी तेच कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर मी जे बोलायला हवं होतं ते बोलले नाही.

तू आधी नुसती हसत होतीस. मागे शिवांजली विचारत होती, "मम्मी, काय झालं?" आणि तू म्हणालीस, "आक्कानं सोनं पुरलंय!" मग मीही हसले. किती दिवसांनी आपण एकाच गोष्टीला हसलो! मला वाटलं, झालं. आता ही म्हणेल, येते मी.

तू म्हणालीस, "ह्यांना सांगितलंय. ह्ये म्हंत्यात, उकरा आन् परत पोत्यात भरा. इकडंच धुऊन घिऊ."

मी म्हटलं, "उकरते. पण फरश्या जपून काढायला हव्यात, सांधे पक्के झालेत."

तुझं हसणं ओसरलं. मग म्हणालीस, "आक्का, तुमची सगळी पत्रं वाचली मी. दोन-दोन बारी वाचली. नळ हाय, दगड हाय, वाट हाय. तुमी कुटं हायसा त्यात?"

"म्हणजे?"

"म्हंजे अंगठ्याला जरा लागलं, एवढंच. जरा म्हंजे किती? साळूबाय फोनवर सांगत हुती, नख निगालंय, दवाखान्यात टाकं घातल्यात. तुमी एका वळीत गुंडाळलं. आन् नळाच्या वायसरला पानभर!"

"वॉशर," मी म्हटलं. देवा, मी खरंच तसं म्हटलं.

तू चिडली नाहीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं. तू हळू आवाजात म्हणालीस, "मी न्हाई येनार आक्का. राग म्हनून न्हाई. शिवांजलीला इथं शाळा मानवली. आन् मला बी मानूस लागतंय घरात, वर्साचं न्हवं, रोजचं. भाड्यानं द्या आमचा भाग."

इथं मी काय बोलायला हवं होतं ते मला आता माहीत आहे. तेव्हा मी विचारलं, "मग भाडेकरूला न्हाणीकडे वाट कुठून द्यायची?"

 मग, "तुमी ठरवा," म्हणालीस आणि ठेवलास.

फोन ठेवल्यावर मी परसात गेले आणि उकरायला घेतलं. दिवस मावळेपर्यंत उकरत होते. ज्या फरश्या इतक्या काळजीने बसवल्या त्यांतल्या कित्येक फुटल्या. आश्चर्य म्हणजे मला वाईट वाटलं नाही. मला दुसऱ्याच गोष्टीचं वाईट वाटत होतं आणि ते इतकं मोठं होतं, की फरशीला त्यात जागा नव्हती.

क्रांती


२ मार्च

पूजा,

हे पत्र भाऊसोंकडे देत नाही, मीच घेऊन येते आहे. दुपारची वेळ आहे, संध्याकाळच्या बसमध्ये जागा मिळाली आहे. पोती डिकीत जातील. माझ्या माघारी घराचं काय कसं ठेवलं आहे ते मी लिहायला घेतलं होतं, दोन ओळी लिहून खोडल्या. ते या पत्रात येणार नाही.

तू विचारलंस मी कुठं आहे. सांगते. सवय नाही, तेव्हा ओबडधोबड होईल.

सकाळी पहिल्यांदा बोलायला जाते तेव्हा आवाज फुटत नाही. आधी खाकरावं लागतं, कारण आदल्या दुपारपासून कोणाशी बोललेलं नसतं. परवा गॅसवाला आला, त्याच्याशी बोलताना असंच झालं. तो म्हणाला, "वैनी, ह्या खेपंला लय दिस पुरला तुमाला गॅस. घरात कोन न्हाई व्हय?" मी म्हटलं, आहेत, गावाला गेलेत. सिलिंडर खोटं बोलत नाही, मी बोलले.

एकटीपुरती आमटी करता येत नाही मला. कितीही कमी केली तरी उरते. मी उभ्याने जेवते, ओट्यापाशी. ताट घेत नाही. हे कोणाला कळलं तर, अशी भीती वाटायची. मग लक्षात आलं, कळणार कोणाला?

अंगठा दुखतो. फार दुखतो. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, सोबत कोण आहे? मी सांगितलं, बाहेर बसलेत. बाहेर कोणी नव्हतं.

गेल्या आठवड्यात एका दुपारी तुमच्या बाजूचं दार उघडून आत जाऊन बसले. साफसफाई करायला म्हणून गेले होते, पण झाडू हातातच राहिला. शिवांजलीने भिंतीवर पेन्सिलने स्वतःची उंची मांडली आहे, तिथं बघत बसले. इतकी वर्षं ती रेघ मला भिंत खराब केली म्हणून दिसायची. त्या दुपारी ती पोरगी दिसली, आणि मी रडले. हे मी रोजनिशीतही लिहिलेलं नाही. तिथं त्या दिवशी 'धाकट्यांच्या खोलीची पाहणी केली' असं आहे.

तू गेलीस तेव्हा मला वाटलं, मी रागावले आहे. मग वाटलं, मला अपराधी वाटतं. या दोन्हींवर मी पानं भरली. इतकं साधं मला सुचलंच नाही, की मला करमत नाही.

तुला परत ये म्हणायला येत नाही मी. तू तिथं बरी आहेस, तुझ्या आवाजातच ते ऐकू आलं. तुमचा भाग भाड्याने देऊ. यांना काल फोनवर सांगितलं की सेलमला जाते. त्यांनी विचारलं, "आणि घर?" मी म्हटलं, "ते कुठं जातंय?" पलीकडे ते हसले. यांना मी असं हसवलेलं मला आठवत नाही.

किती दिवस राहायचं ते मी ठरवलेलं नाही. तू सांग. दोन दिवस म्हणालीस तर दोन दिवस. यात मानापमान काही धरणार नाही, आणि धरला तर रोजनिशीत धरीन, तुझ्यासमोर नाही.

हे सगळं मला समोर बसून बोलता येणार नाही, ते मला माहीत आहे. आल्याआल्या मी प्रवासाचं बोलेन, पोती कुठं उतरवायची ते बोलेन. म्हणून पाणी पिऊन झालं की हा कागद तुझ्या हातात देईन आणि गप्प बसेन. तू वाचत असशील तेव्हा मी बहुतेक तुझ्या स्वयंपाकघराच्या छताकडे ओल कुठं आली आहे ते शोधत असेन.

तेवढ्यात मला हाक मार.

क्रांती